माकडहाडाचा फोटो

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते दळणाच्या डब्यावर नाव घालण्यापुरतं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना मागून कुणी वाचतंय असं वाटत राहतं, म्हणून आधीच माफी मागते. जे लागणार नाही ते सोडून पुढं जावं.

मला माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. त्यामुळे दवाखान्यांत जे झालं ते मी बहुतेक ऐकलं आणि बघितलं, विचारलं कमी. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिते.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे अरुंद बोळ. माझे मालक चांदीकाम करतात. गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, एका शेटकडे ते मिसरूड फुटायच्या आधीपासून कामाला आहेत. पैंजणाच्या कड्या एकमेकींत अडकवायच्या आणि प्रत्येक सांध्याला डाख द्यायचा, म्हणजे फुंकणीनं ज्योत फुंकून सांधा पक्का करायचा. हे सगळं मांडी घालून, पुढे वाकून, दिवसभर. तेव्हा घरात ते, मी, आमची मुलगी आणि माझ्या सासूबाई असे चौघं होतो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे.

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी मालकांना बसलं की दुखायला लागलं. आधी पाट टणक आहे असं वाटलं. मी वाकळेची घडी करून दिली. मग ते एका अंगावर कलून बसायला लागले. दुकानात बरोबरचे कारागीर म्हणायचे, "काय रं, अंडं घालायलाईस काय? मग रोजच्याला एक तरी दे की." ते घरी येऊन हे सांगायचे आणि हसायचे. पण जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर उठून भिंतीला टेकून उभे राहायचे. उरलेली भाकरी उभ्यानं खायचे.

आता त्यांच्या करदोड्याबद्दल लिहायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे पुरुषाची कंबर मोकळी ठेवत नाहीत. गरिबाच्या कमरेला काळा दोरा असतो, ऐपत असली तर चांदीचा करदोडा. जित्या माणसाच्या कमरेवरून तो काढत नाहीत. जुना झाला, तुटायला आला, तर आधी नवा बांधायचा आणि मग जुना सोडायचा. कंबर मोकळी होते ती तिरडीवरच. मालकांचा करदोडा त्यांनी स्वतः केलेला होता. कामाला लागल्यावर मजुरीतून चांदी साठवून केला होता. त्यात एक ताईत होता, करंगळीच्या पेराएवढा, दोन्ही तोंडं बंद केलेला. ते लहान असताना फार आजारी पडले होते, तेव्हा आत्याबाईंनी जोतिबाला नवस बोलला होता आणि तिथून आणून तो बांधला होता. झोपताना टोचतो म्हणून ते ताईत मागच्या बाजूला सरकवत. ती सवय कायमची झाली होती.

शेटनी एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढून आणा म्हणून चिठ्ठी दिली. आदल्या दिवशी एरंडेल प्यायला सांगितलं होतं, ते प्याले. फोटो काढायच्या दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसले होते. आत काय झालं ते त्यांनीच येताना सांगितलं. तिथल्या माणसानं विचारलं होतं, "पावणं, अंगावर काय धातू हाय काय? किल्ली, साखळी?" ते "न्हाई" म्हणाले आणि करदोडा विजारीच्या नाडीखाली दाबला.

"खरं का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"काढा म्हणाला असता. मग आईनं घरात घेतलं असतं काय मला?"

फोटो ओला असतानाच त्या माणसाला दिसलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "आवो, हे काय आलंय मधी? पुन्हा काढाय लागंल. काचेचं पैसं पुन्हा पडतील." फोटोला तो काच म्हणत होता. मालक म्हणाले, "डाक्टर आधी बघू देत की."

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. ते वरचे मणके बघत होते. दोन मणक्यांमधली एक फट कमी झालीय, नस दबतीय, असं म्हणाले. खाली करदोडा आलाय, पण आपल्याला वरचंच बघायचंय, असंही म्हणाले. पट्टा बांधायला सांगितला, वजन लावून पाय ओढायचे म्हणाले, गोळ्या दिल्या. बाजूनंही एक फोटो घेतला होता, पण तो वरच्या मणक्यांपुरताच होता, खालचं हाड त्यात नव्हतंच.

तो फोटो आम्ही घरी आणला. आत्याबाईंनी तो खिडकीशी धरला. त्यांची नजर चांगली होती. पांढरी हाडं, त्यांवर कड्याकड्यांची साखळी, आणि मधोमध, अगदी खाली, ताईत. हाडापेक्षाही पांढरा.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"त्यो ताईत."

"काढ म्हणाला न्हाई त्यो?"

"म्हणतच हुता. मी न्हाई म्हणून सांगितलं."

"चांगलं केलंस." मग त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे बघ की. बरोबर हाडावर बसलाय. राखण बसलाय देव तुझी. आता काय हुत न्हाई तुला."

त्यांनी फोटोवर ताइताच्या जागी कुंकू लावलं आणि तो देवघरामागं भिंतीला उभा करून ठेवला. ही गोष्ट बोळात पसरली. शेजारच्या वहिनी बघायला आल्या. दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "आमच्या मालकांचा बी फोटो काढून घ्यावा म्हणते. बघूया तरी काय उमटतंय."

आत्याबाई म्हणाल्या, "काय उमटायचं? तंबाखूची डबी उमटंल."

वहिनी हसल्या, मीही हसले. घरात सगळ्यांना बरं वाटत होतं. डॉक्टरांनी फट सांगितली होती, ती पट्ट्यानं बरी होणार होती, आणि खालच्या हाडावर देव होता.

पट्टा बांधला. पायांना विटा लावून ओढून झालं. तेल झालं, शेक झाला, हाड बसवणारा एक वैद्य झाला. त्यानं पाठीवर पाय देऊन चोळलं, तेव्हा ते घामाघूम झाले. वर्ष गेलं, त्याहून जास्तच गेलं. शेटकडे ते आठवड्यातून निम्मे दिवस जायला लागले. मी शेटच्या कारखान्यातून तारेच्या सुट्या कड्या घरी आणून अडकवून द्यायला लागले. वजनावर मजुरी मिळते. बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडलं.

एका संध्याकाळी ते घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून.

"दुसरं कुठाय?" आत्याबाईंनी विचारलं.

त्यांनी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हतं. केव्हा निसटलं त्यांना कळलंच नव्हतं. कोल्हापुरी चप्पल, चांगलं जड, तरी कळलं नाही. मुलगी बोळातून बघून आली, ते वळणावर पडलं होतं. त्यानंतर काही दिवसांनी त्यांची लघवी अडली.

मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होते. नळी घालून त्यांनी लघवी काढली, मग त्यांना कुशीवर वळवून मागून बोट घालून तपासलं. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण सगळं तिथंच कळलं, म्हणून लिहिलं पाहिजे. डॉक्टर हात धुऊन आले आणि म्हणाले, "आत मागच्या बाजूला मोठी गाठ लागतीय. आधी असं कुणी तपासलं नव्हतं?"

"न्हाई," मालक म्हणाले. "सगळी पाठच बघत हुती."

डॉक्टरांनी नवा फोटो सांगितला, खालच्या हाडाचा, समोरून आणि बाजूनं. म्हणाले, "कमरेला काही नको."

आत्याबाई उभ्या राहिल्या. "करदोडा जित्या माणसाचा काढत न्हाईत, डाक्टर."

"चांदीचा आहे. फोटोत येतो तो."

"यीना की. मागं बी आलाता."

"म्हणूनच नको, आजी."

"मग कंबर मोकळी ठिवायची व्हय पोराची? दवाखान्यात?"

डॉक्टरांनी स्वतःच्या शर्टाची कड वर केली. त्यांच्या कमरेला काळा दोरा होता. "सुती चालतो," ते म्हणाले. "माझाही सुतीच आहे."

आत्याबाईंनी वाकून तो दोरा नीट बघितला. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय," त्या म्हणाल्या. "मोकळ्या कमरेनं हिंडतोस का काय वाटलं मला."

दवाखान्याबाहेरच्या टपरीवरून काळा दोरा आणला. आत्याबाईंनी आधी तो बांधला, दोन गाठी मारल्या, आणि मग चांदीचा करदोडा सोडून घेतला. ताईत त्यांनी मुठीत धरला होता. फोटो होईपर्यंत मूठ उघडली नाही.

डॉक्टरांनी जुना फोटोही मागवला होता. मुलगी देवघरामागून घेऊन आली. त्यावरचं कुंकू बघून डॉक्टरांनी काही विचारलं नाही. कापसाला स्पिरिट लावून पुसलं. भिंतीवर दिव्याची पेटी होती, तिच्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

जुन्यात ताईत होता आणि त्याच्याभोवती काळसर ढग. तो ढग पोटातल्या वायूचा, असं डॉक्टर म्हणाले. नुसत्या ताइताला दोष देऊ नका, वायूनंही तिथलं झाकलं गेलं होतं, आणि तेव्हा गाठ लहानही असेल. नव्यात ताईत नव्हता. माकडहाडाच्या वरचं ते रुंद हाड, ज्यावर माणूस बसतो म्हटलं तरी चालेल, ते खालच्या अर्ध्यात नव्हतंच. कड होती, मग पुसट, मग काहीच नाही. उंदरानं भाकरी खाल्ल्यासारखं.

आत्याबाई पुढे गेल्या. "हितलं हाड कुठाय?"

"तेच सांगतोय. गाठीनं खाल्लंय."

त्यांनी जुन्या फोटोकडे बघितलं, मग नव्याकडे. मग म्हणाल्या, "मग देव कशावर बसलाता?"

डॉक्टरांना ते नीट कळलं नसावं. पेटीचा दिवा बंद केला आणि त्यांनी आम्हाला बाकावर बसवून सांगितलं. फोटोत हाड गेलेलं दिसतं, पण गाठ दिसत नाही. ती वर किती चढलीय ते दिसत नाही. पायाच्या नसा त्याच हाडाच्या वरच्या भोकांतून येतात. गाठ तिथवर पोचली असेल तर पाय जातील, आणि पुढे जीवही. पोचली नसेल तर कापून काढता येईल. हे सांगणारं यंत्र मुंबईला आहे. त्यात माणसाला न कापता आतल्या चकत्यांचे फोटो निघतात. ते करून घ्या, इथं वेळ घालवू नका.

मालक एवढंच म्हणाले, "खर्च?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. नुसत्या फोटोंचाच. ऑपरेशन, राहणं, औषध वेगळं. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. शेटनी थोडे दिले, तेही पुढच्या मजुरीतून कापून घ्यायच्या बोलीवर.

माझी थोरली बहीण इचलकरंजीजवळ कबनूरला दिलेली आहे. मी तिला अक्का म्हणते. तिच्या घरी दोन यंत्रमाग होते. दिवसरात्र आवाज, त्यामुळे तिला मोठ्यानं बोलायची सवय लागलीय. आमच्यात ती बोलायची आणि मी ऐकायची, हे आधीपासूनच ठरलेलं. मी तिला निरोप पाठवला नव्हता, पण तिला कळलं. ती आली तेव्हा पदरात पुडकं बांधलेलं होतं. तिसऱ्या मागासाठी साठवलेले पैसे होते ते.

"मोजून घे," ती म्हणाली.

"दाजींना विचारलंस?" दाजी म्हणजे तिचे मालक.

"विचारलं. न्हाई म्हणाले. मग मी सांगितलं." एवढं बोलून तिनं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "आणि मी बी येणार मुंबईला. तू तिथं तोंड उघडणार न्हाईस, आणि ह्येनला चालाय येत न्हाई. दोघं मिळून भिंतीला टेकून बसशीला."

तसं ती आली. मुलीला आत्याबाईंजवळ ठेवलं. गाडीत मालक पालथे झोपून होते. मुंबईला ओळखीच्या एका माणसाच्या खोलीवर उतरलो. दवाखान्यात अक्कानं खिडक्याखिडक्यांवर भांडून चिठ्ठ्या घेतल्या. कुणी इंग्रजीत बोललं की ती म्हणायची, "मराठीत सांगा, पैसं मराठीत घेतलं की." मला लाजेनं बसवत नव्हतं. पण काम होत होतं.

यंत्र थंड खोलीत होतं. दारातून मी बघितलं. मोठ्या जात्यासारखं उभं गोल, मधे भोक, आणि एक अरुंद पलंग त्या भोकात हळूहळू सरकत जाणारा. तिथल्या माणसानं मालकांच्या कमरेचा काळा दोरा बोटानं उचलून बघितला आणि तसाच सोडला. शिरेत औषध टोचलं, तेव्हा अंगभर ऊन पसरल्यासारखं झालं, असं ते नंतर म्हणाले. पालथं झोपायला परवानगी नव्हती. उताणं झोपून, त्या जागेवर भार देऊन, हलायचं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी खालचा ओठ चावून रक्त काढलं होतं.

वॉर्डात रत्नागिरीकडच्या एक बाई होत्या. त्यांच्या गाठीचा संशय आमच्यासारखाच होता, पण डोक्याच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे खोल. त्यांना एकाचे दोन दिसायचे. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुम्ही मला दोन दिसता हो. दोघींपैकी एक तरी बोला."

मला हसू आलं. मग मी बोलले. त्या म्हणाल्या, "घरी भाऊ भेटायला आला, तर दोन भाऊ. आनंद झाला. पण साडी एकच आणली होती."

ही गाठ कशाची, ते त्यांच्याकडूनच मला कळलं. त्यांना एका शिकाऊ डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईच्या पोटात मूल अगदी लहान असतं तेव्हा त्याला पाठीचा कणा नसतो, नुसती एक मऊ दोरी असते, डोक्याच्या तळापासून माकडहाडापर्यंत. तिच्याभोवती मणके तयार होतात आणि दोरी विरून जाते. कुणाकुणाची पुरती विरत नाही. एका टोकाला नाहीतर दुसऱ्या टोकाला कण राहतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. एखाद्याचा कण कधीतरी वाढायला लागतो, अगदी सावकाश. म्हणून लवकर कळत नाही.

"तुमच्या मालकांचं खालचं टोक, माझं वरचं," त्या म्हणाल्या. "दोरी तीच."

मी हे मालकांना सांगितलं. ते पालथे पडूनच म्हणाले, "म्हंजे ताईत बांधायच्या आधीच आत हुतं."

अक्काला परत जावं लागलं. माग बंद राहिले तर कामगार दुसरीकडे जातात. जाताना म्हणाली, "आता तोंड हाय का न्हाई तुला ते बघायचं." त्यामुळे फोटो तयार झाले त्या दिवशी मी एकटीच होते.

ते फोटो वेगळेच होते. एका मोठ्या काळ्या कागदावर कितीतरी चौकोन, प्रत्येकात एक गोल चकती. दुध्या भोपळ्याच्या चकत्या मांडल्यासारख्या. मोठे डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. दिव्याच्या पेटीवर ते कागद लावून ते एकेका चौकोनावर बोट ठेवत वर जात होते. खालच्या चकत्यांत हाडाच्या जागी राखी रंगाचा मोठा गोळा, पुढे आतड्याला ढकलणारा. त्यात मधेमधे पांढरे ठिपके. ते उरलेल्या हाडाचे तुकडे, असं म्हणाले. वर वर जात तसा गोळा लहान होत गेला. ते दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी विचारलं, "पाय राहतील का?"

आवाज फार लहान आला असावा. त्यांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"पाय. राहतील का?"

त्यांनी मला पेटीजवळ बोलावलं. "हे बघा. ह्या चकतीत गाठ आहे. ह्याच्या वरच्या चकतीत थोडी. ह्याच्या वर नाही. ही दोन्ही बाजूंची भोकं दिसतात? गोल, स्वच्छ. पायाच्या मोठ्या नसा इथून जातात. आज तरी स्वच्छ आहेत." मग त्यांनी लाल मेणाची पेन्सिल घेऊन दोन चौकोनांच्या मधे एक रेघ मारली. "इथून खालचं काढायचं. ह्याच्या खालच्या नसा जातील. लघवीचा, शौचाचा त्रास राहील. डाव्या पावलाचा बधिरपणा राहील. पण चालता येईल, असं वाटतं. उशीर केला तर ही रेघ वर सरकेल."

मी ती रेघ बघून घेतली. मालकांना खाटेवर जाऊन सांगितलं, जसं सांगितलं होतं तसंच. त्यांनी विचारलं, "बसाय यील काय?"

ते मी विचारलं नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर फेरीवर आले, तेव्हा मालकांनी स्वतःच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बसायचं विसरा. चालायचं बघू."

ऑपरेशन दिवसभर चाललं. त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही, मी जिन्यात बसून होते. जखम भरायला फार वेळ लागला, दोनदा पुन्हा उघडली. नंतर गाठ पुन्हा वाढू नये म्हणून विजेचे शेक दिले. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासून आला, तो त्याच दोरीचा निघाला. रत्नागिरीच्या बाईंची गाठ सगळी काढता आली नाही. मेंदूच्या इतकी जवळ होती की थोडी काढून थांबले. त्या आमच्या आधी घरी गेल्या. एका डोळ्यावर पट्टी बांधली होती. म्हणाल्या, "आता एकच दिसता. बरं दिसता." त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

आम्ही कोल्हापूरला परत आलो. मालक काठी घेऊन चालायला लागले, आधी खोलीत, मग बोळात. लघवीला पोट दाबावं लागतं, ते त्यांनी शिकून घेतलं. डाव्या पावलावर गरम पाणी पडलं तरी कळत नाही, म्हणून आंघोळीचं पाणी मी आधी हात घालून बघते. बसता येत नाही. जेवण उभ्यानं, नाहीतर कुशीवर.

शेटनी जागा ठेवली होती, पण बसून काम होईना. मग मालकांनी सुताराकडून छातीएवढं उंच टेबल करून घेतलं. त्यावर शेगडी, फुंकणी, चिमटे मांडले आणि उभ्यानं डाख द्यायला लागले. खाली बसलेले कारागीर म्हणाले, "आता आमच्या डोक्यावर उभा राहून काम करणार व्हय? ठिणगी टाकशील की टाळक्यावर."

"तुझ्या टाळक्यावर केसं कुठं हायत जळाय," मालक म्हणाले.

शेटचे पैसे मजुरीतून कापले जात होते, ते आधी फिटले. अक्काचे राहिले. मी कड्यांचं काम वाढवलं. आत्याबाईही बसायच्या जोडीला. सणाला, उरसाला, जमेल तेव्हा मी कबनूरला जाऊन थोडे थोडे देत होते. अक्का म्हणायची, "पैसं देतीस का भीक घालतीस? एकदम आण की." आणि ठेवून घ्यायची. दाजी मला काही बोलत नसत, पण एकदा पाव्हण्यांसमोर म्हणाले, "आमचा तिसरा माग मुंबईला झोपलाय." सगळे हसले. मी ताट घेऊन आत गेले. मधे एकदा पुन्हा मुंबईला जाऊन चकत्यांचे फोटो काढले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रेघेच्या कडेला काही नवीन दिसत नाही. त्या खर्चानं फेडायचं आणखी लांबलं. आत्याबाई त्याच साली गेल्या.

शेवटचे पैसे द्यायला आम्ही दोघं गेलो. मालक म्हणाले, मी येतो. इचलकरंजीची गाडी रिकामी होती. ते दांडा धरून उभे राहिले, म्हणून मीही राहिले.

कंडक्टर आला. "पावणं, एवढी जागा हाय की. उभं का?"

"बसाय येत न्हाई मला."

"का? मूळव्याध?"

"हाड न्हाई."

"कुठलं हाड?"

"बसायचं."

कंडक्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, दोन तिकिटं फाडली आणि पुढं गेला. हातकणंगल्याच्या वळणावर गाडी कलली तेव्हा त्यानं मागून मालकांचा हात धरला, मग सोडला.

अक्का मागावर होती. एका मागाचा कामगार आला नव्हता, म्हणून तीच तुटलेला धागा जोडत होती. दोन्ही माग चालू. मालकांनी पैसे काढून तिच्या हातात दिले. तिनं हातानंच विचारलं, किती?

मी म्हणाले, "राहिलेले सगळे."

"काय?"

"सगळे."

तिनं कानाला हात लावला. मग मी ओरडून सांगितलं, "फिटलं, अक्का. सगळं फिटलं." पलीकडच्या मागावरचा माणूस वळून बघायला लागला.

अक्कानं पैसे मोजले. एकदा बोट ओलं करून, सावकाश, माग चालू असतानाच. बरोबर होते. तिनं ते पदराच्या टोकाला बांधले आणि कमरेला खोचले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चहा टाक जा. पावण्यांचा कप उंच फळीवर ठेव."